दोषाचा रकाना

४ मार्च

संग्रहालयाचा तक्ता आज टपालानं आला. सहा रकाने आहेत: क्रमांक, शीर्षक, तारीख, लांबी, प्रत आणि शेवटी दोष. दोषाचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, कुठल्या जागेत किती मजकूर बसेल हे मला पट्टी न लावता कळतं. यात बसणार नाही. म्हणून ही वही आणली. तक्त्यात मावेल ते तक्त्यात, उरेल ते इथं.

संग्रह असा: आवाजाच्या कॅसेटी ४१२, व्हिडिओच्या १४०. सगळं टीव्हीवरून घेतलेलं. मालिका, नाटकं, रविवारचे सिनेमे. टीव्ही केंद्रानं त्या काळी काटकसर म्हणून आपल्याच फिती पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळे त्यांच्याकडे काही उरलं नाही. माझ्याकडे उरलं. 'वकिलीणबाई' नावाच्या मालिकेचे सव्वीसपैकी पंचवीस भाग माझ्याकडे आहेत आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, असं संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आदर होता. माझा मेहुणा या सगळ्याला भंगार म्हणायचा. आज असता तर त्याला फोन केला असता.

गाडी ४ एप्रिलला येणार. प्रत्येक कॅसेटचं पहिलं, मधलं आणि शेवटचं मिनिट ऐकून तक्ता भरायचा, 'वकिलीणबाई' मात्र सगळी ऐकायची. महिनाभर पुरेल एवढं काम आहे.

बायकोला जाऊन परवा दोन महिने झाले. इथून पुढं तिला 'ही' म्हणतो, तोंडात तेच बसलंय. मुलगी म्हणते, बाबा, काहीतरी हातात घ्या. घेतलं.

६ मार्च

डेक उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून पार डांबर झालेला. रेडिओवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, असा पट्टा आता संग्रहालयातच मिळेल." म्हटलं, सगळं तिथंच चाललंय, पट्टा तेवढा तू दे. तरी कुठूनतरी घेऊन आला आणि बसवलाही.

काम करता करता विचारलं, "काकू दिसत नाहीत?" सांगितलं. त्यानं पेचकस खाली ठेवला आणि उभाच राहिला. शेवटी मलाच त्याला बस म्हणावं लागलं. लोकांना अशा वेळी काय करावं कळत नाही. मलाही कळत नाही, पण माझ्यापुढं निदान तक्ता आहे.

९ मार्च

पद्धत नोंदवून ठेवतो, संग्रहालयाला लागेल.

घरात व्हिडिओ यायच्या आधी मी टीव्हीचा नुसता आवाज घेत असे. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर माइक. टीव्हीच्या जाळीपासून अंतर एक वीत आणि चार बोटं. कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली, भिंतीवरचं घड्याळ न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल. मग रेकॉर्डरचा लाल दिवा लागे. लाल दिवा असेपर्यंत घरात कोणी ब्र काढायचा नाही.

ही दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसायची. खुणा ठरलेल्या होत्या. एक बोट म्हणजे चहा ठेवू का. मूठ म्हणजे दारात कोणीतरी आलंय. दोन्ही तळवे गालाखाली म्हणजे मी झोपायला जाते. मुलगी चालायला लागल्यावर तिलाही शिकवल्या. दीड वर्षाची पोर तोंडावर बोट ठेवून बसायची, पाहुणे थक्क व्हायचे.

या शिस्तीचा पुढं उपयोगच झाला. तीन वर्षांपूर्वी हिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. नर्स म्हणाली, "लोकांना खुणांची सवय व्हायला सहा-सहा महिने लागतात. तुम्हाला दोघांना आठवड्यात कसं जमलं?" म्हटलं, आमचा तीस वर्षांचा सराव आहे. तिला ते गमतीचं वाटलं. खुणांत न बसणारं ही चिठ्ठीवर लिहायची. अक्षर लहान, पण शुद्धलेखन चोख. संध्याकाळी त्या चिठ्ठ्या मी केरात टाकायचो, कारण तोवर विषय संपलेला असायचा.

१२ मार्च

मुलगी आली. आल्या आल्या पंखा लावला. "घामानं निथळताय बाबा. आता कसलं रेकॉर्डिंग चाललंय?" कसलंच नाही. डेकसमोर बसलो की हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे जातो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

चहा घेताना म्हणाली, "एक विचारू? यात कुठे आईचा आवाज आहे का?"

"कशात?"

"या सगळ्यात. कुठेही." कप हातात तसाच धरून बसली होती. "काल आरशासमोर उभं राहून तिच्यासारखं 'अहो' म्हणून बघितलं. तुम्हाला हाक मारायची तसं. नाही जमलं. मला तिचं बोलणं आठवतं बाबा, शब्दन् शब्द आठवतात, पण आवाज येत नाही. तीन वर्षांत पुसला गेला."

मी तिला परिस्थिती समजावून सांगितली. तिच्या लग्नाच्या व्हिडिओवर फोटोवाल्यानं सिनेमातली गाणी चढवली आहेत, त्यात माणसांची तोंडं नुसती हलतात. फोनवरचा 'निरोप ठेवा' हा आवाज माझा आहे. कॅसेटींचं म्हणशील तर त्या सगळ्या स्वच्छ आहेत. स्वच्छ हा शब्द मी जरा अभिमानानंच वापरला, ते वापरून झाल्यावर लक्षात आलं.

"चारशे कॅसेटी," ती म्हणाली, "आणि प्रत्येक वेळी आई या खोलीत होती."

"होती."

"आणि एकीतही नाही."

"लाल दिवा असायचा ना."

तिनं कप विसळून पालथे घातले. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "तरी बघा ना एकदा. मला फक्त एकदा ऐकायचाय." म्हटलं, बघतो. तक्ता करायचाच आहे, त्यात होऊन जाईल.

१३ मार्च

'वकिलीणबाई' भाग १ ते ६. प्रत उत्तम. दोष नाही.

१६ मार्च

माझ्या जुन्या नोंदवह्या माळ्यावरून काढल्या. तीन आहेत. त्यांतही मी दोषाचा रकाना ठेवलेला होता, हे विसरूनच गेलो होतो. कॅसेटमध्ये नको तो आवाज आला की लाल शाईनं मिनिटासकट नोंद. 'मि. ७ ला ट्रकचा भोंगा.' 'मि. ३० ला शेजारचा कुत्रा.' एकूण एकसष्ट नोंदी. त्यांतल्या हिच्या तेवीस. 'ही खोकली.' 'हिच्या हातून चमचा पडला.' 'ही हसली.'

म्हणजे ही कुठे कुठे आहे याची यादी मीच करून ठेवली आहे, पत्त्यासकट.

मुलीला फोन केला. यादीचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आहे?"

"तेवीस ठिकाणी असायला हवा."

"त्या लाल शाईच्या वहीचा मला किती राग यायचा माहितीये? शाळेत बाई चुका काढायच्या आणि घरी तुम्ही." पण ती हसत होती.

१९ मार्च

पद्धतीचा दुसरा अर्धा भाग विसरलो होतो. दोष आला की मी पुन:प्रक्षेपणाची वाट बघत असे, आणि तो आला की नेमका तेवढा तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून आधीच्या आवाजावर चढवत असे. दुरुस्ती झाली की लाल नोंदीपुढं बारीकशी टिक. तेवीसपैकी बावीस नोंदींपुढं टिक आहे.

तरी बावीसही वाजवून पाहिल्या. दुरुस्त्या चांगल्या झाल्या आहेत, सांधा कळत नाही. भाग ८, मिनिट २१, 'ही हसली'. साक्षीदार बोलतो, मग थोडी शांतता, मग वकिलीणबाई. शांतता फार चांगली आली आहे. तीन वेळा ऐकली.

उगाच फोन करून पोरीला आशा लावली. हात दाखवून अवलक्षण. आज कळवलं तर "बरं" म्हणाली. रागावली असती तर एक वेळ चाललं असतं.

मला स्वतःला काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, दाबून पाहिला तरी दुसऱ्याचा वाटतो. दोन महिने तसंच चाललंय. डॉक्टर म्हणाले, होतं असं. इंजेक्शन उतरल्यावर दुखतं, हे मात्र ते म्हणाले नाहीत, ते मला माहीत आहे.

२१ मार्च

तेविसावी नोंद भाग १९ ची. '११ नोव्हेंबर. मि. १४ ला ही बोलली. बाद.' तो भाग पुन्हा कधी लागलाच नाही, त्यामुळे दुरुस्ती झाली नाही आणि अख्खी कॅसेट बाद धरली. पुसून दुसऱ्या कशाला तरी वापरायची म्हणून मी ती बाजूला काढल्याचं आठवतं. फळीवर १८ नंतर २० आहे. वापरली असणार.

ही काय बोलली ते आठवत नाही. त्यानंतर मी तीन दिवस अबोला धरला होता, ते आठवतं. आपला राग आपल्या लक्षात राहतो, कारण राहत नाही.

योगायोगानं संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. "काका, एकोणिसावा तेवढा मिळायला हवा होता हो. निकाल त्याच भागात लागतो."

म्हटलं, घरातलं माणूस मधे बोललं, म्हणून बाद केला.

"अरेरे! आता असता तर काही अडलं नसतं. मागचं बोलणं आम्ही अलगद काढून टाकतो. कापसातली सरकी काढावी तसं."

त्यासाठी संमतीचा कागद त्यांनी तक्त्याबरोबरच पाठवला होता. 'मागील आवाज काढून टाकण्यास संमती.' सव्वीस भागांच्या सव्वीस ओळी छापलेल्या. सगळ्यांपुढं 'आहे' लिहून टाकलं, एकोणिसाव्यापुढंही. एक ओळ कोरी बरी दिसत नव्हती. कागद लगेच टपालात टाकला.

२५ मार्च

व्हिडिओच्या कॅसेटींना चिठ्ठ्या चिकटवायला मुलगी आली. मी तिला सांगत होतो की हे काम सोपं, यांत दोषाचा रकाना भरायचाच नाही, कारण व्हिडिओत आवाज वायरीतून थेट जातो. खोलीत काहीही झालं तरी कॅसेटवर काही उमटत नाही.

ती चिकटवायची थांबली. "काहीही?"

"काहीही. ढोल वाजवलास तरी नाही."

"म्हणजे व्हिडिओ आल्यावर आपण बोललो असतो तरी चाललं असतं?"

"तसं म्हटलं तर, हो."

"बाबा, व्हिडिओ आला तेव्हा मी सात वर्षांची होते. कॉलेजात जाईपर्यंत मी या खोलीत मूग गिळून बसले. आई तर त्याच्यानंतरही."

"सांगायचं राहून गेलं."

खरंच राहून गेलं. मुद्दाम काही केलं नाही. लाल दिवा व्हिडिओलाही होता, सगळे आपणहून गप्प बसले, मला ते बरं वाटलं, विषय निघालाच नाही.

तिनं पुढची चिठ्ठी तिरकी चिकटवली. मी ती काढून सरळ लावली. मग ती म्हणाली, "आईला टीव्ही आवडायचाच नाही, माहितीये? मालिकांमध्ये तिला कोण कोणाचं कोण तेही कळायचं नाही."

"मग रोज येऊन का बसायची?"

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढची कॅसेट उचलली. प्रश्न साधा होता. उत्तर तिलाही माहीत नसावं.

२९ मार्च

परवा, २७ ला, मुलीचा वाढदिवस होता. मला आज लक्षात आलं. दर वर्षी नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की ही पहिल्याच दिवशी सगळ्यांचे वाढदिवस त्यात लिहून टाकायची आणि मला आदल्या दिवशी बोट दाखवायची. यंदाचं कॅलेंडर कोरं आहे.

फोन केला. "असू द्या हो बाबा," म्हणाली. "मंगळवारी येते, आईचं शिवणाचं मशीन न्यायचंय."

३१ मार्च

जावई आणि मुलगी मशीन न्यायला आले. मशीनच्या टेबलाचा खण अडकून बसला होता. ही असताना तो हिच्याच हातानं उघडायचा, त्याला खालून एक थाप लागते. कोणती ते आम्हाला तिघांनाही माहीत नव्हतं. शेवटी जावयानं पेचकस घालून उचकटला. आत रिळं, खडू, बोटात घालायची टोपी, तुटकी मोजपट्टी आणि तळाशी एक कॅसेट.

"ही तुमची," मुलगी म्हणाली. "बाद लिहिलंय वर. फेकू?"

लाल शाई, अक्षर माझं. भाग १९. काखेत कळसा नि गावाला वळसा. म्हटलं, राहू दे, संग्रहालयाला हवी होती ती. जावयाला घाई होती, खाली टेम्पो उभा होता. ती मशीनबरोबर उतरून गेली.

ते गेल्यावर कॅसेट नीट पाहिली. कॅसेटच्या पाठीला दोन प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड करता येत नाही. जपून ठेवायच्या कॅसेटींच्याच मी पट्ट्या मोडत असे, पेचकसाच्या टोकानं, साफ. बाद कॅसेटच्या कशाला मोडीन? या कॅसेटच्या दोन्ही मोडलेल्या आहेत. कडेला ओरखडे आहेत, कातरीच्या टोकाचे असावेत.

पट्ट्यांचा उपयोग हिला माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सांगितल्याचं आठवत नाही. बघून बघून कळलं असेल.

अजून वाजवली नाही. आधी व्हिडिओ १२० ते १४० पूर्ण केले.

१ एप्रिल

वाजवली. सकाळी दहाला, खिडक्या उघड्या.

तेरा मिनिटं स्वच्छ. चौदाव्या मिनिटाला न्यायाधीश निकालाचा कागद उलगडतात, कोर्टात शांतता, आणि त्या शांततेत दाराच्या बाजूनं:

"अहो, हललं! हात द्या, इकडे हात द्या लवकर..."

लगेच माइकच्या अगदी जवळून: "श्श!"

मग निकाल.

पुढची नऊ मिनिटं मी मालिका ऐकली नाही, तिच्यामागं ही ऐकू येते का ते ऐकत होतो. एकदा स्टूल करकरलं. बाकी काही नाही. ही गप्प बसली ती बसलीच. शेवटचं संगीत संपल्यावर मी बोलतो. माझा आवाज इतका तरुण होता हे विसरलो होतो. "झालं! गेला अख्खा भाग वाया." आणि त्यावर ही, हळू, हसू दाबल्यासारखी:

"अहो पण ते हल..."

टक. बटण मी दाबलं.

११ नोव्हेंबर ते २७ मार्च. बोटांवर मोजलं, साडेचार महिने. म्हणजे मुलगीच. पोर पोटात पहिल्यांदा हलली तो दिवस आणि ते मिनिट माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलेलं आहे. दोष म्हणून. आणि त्यानंतर तीन दिवस मी हिच्याशी बोललो नाही.

आवाज किंचित घोगरा. 'अहो' म्हणताना 'हो' वर जातो. इतकी वर्षं रोज ऐकलेला.

मला लाज वाटली. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे. डेक बंद करून न्हाणीघरात गेलो, तोंडावर पाणी मारलं, तरी गेली नाही.

२ एप्रिल

संग्रहालयातल्या बाईंना फोन केला. एकोणिसावा सापडला म्हटल्यावर त्या फोनवरच ओरडल्या.

"मधलं बोलणं किती आहे काका?"

"दोन वाक्यं. दुसरं अर्धवट."

"मग काय, काढून टाकू. तुमची संमती आलेलीच आहे."

मी विचारलं, "बाई, एक सांगा. त्यात एक 'श्श' आहे. तेवढाच काढता येईल का? बाकीचं ठेवून?"

"चुटकीसरशी. कोणाला कळणारही नाही."

उद्या सांगतो म्हटलं.

दिवसभर तेच डोक्यात. 'श्श' काढला तर उरतं काय? ही म्हणते, हललं, हात द्या. आणि मग शांतता. मुलगी ते ऐकेल आणि तिला वाटेल, बाबांनी हात दिला. शांतता पुरेशी आहे, तेवढ्यात एक माणूस उठून दारापर्यंत जाऊ शकतो. शेवटचं माझं वाक्य आणि टकही काढता येईल. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एक स्वतःची काढली तर कोणाचं काय जातं?

पण चूक छापून बाहेर पडली की मग ती खरवडून काढायची नसते, शुद्धिपत्र लावायचं असतं. नव्या मुद्रितशोधकांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो. आणि पोरीनं आवाज मागितला आहे, तिला मी केलेली दुरुस्ती ऐकवायची का? तशा बावीस दुरुस्त्या तर आधीच करून ठेवल्या आहेत.

३ एप्रिल

मुलीला बोलावलं. एकटीच ये म्हटलं.

आल्यावर सांगितलं, "आईचा आवाज सापडला. पण त्यात माझाही आहे. तो ऐकून जे म्हणायचं ते म्हण."

ती दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसली. मी पंखा चालूच ठेवला.

चौदाव्या मिनिटाला तिनं तोंडावर हात धरला. 'श्श' आला तेव्हा दचकली नाही, तो तिला पाठ असणार. शेवटपर्यंत तशीच बसून राहिली, टक होईपर्यंत. मग विचारलं, "काय हललं?"

"तू."

वही पुढं केली, तारीख दाखवली. तिनं लाल नोंद वाचली. बोटांवर मोजलं, माझ्यासारखंच. आधी हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. मी डेकजवळ उभा होतो.

"पुढं काय म्हणत होती ती?"

"मी बंद केलं."

"आणि नंतर? लावलात का हात?"

खोटं बोलता आलं असतं. साक्षीला कोणी नव्हतं. "आठवत नाही," म्हटलं. "तीन दिवस मी बोलतच नव्हतो. बहुतेक नाही."

तिनं डोळे पुसले. रागावेल असं वाटलं होतं, रागावलीही असेल. पण उठून डेकपाशी आली, मला बाजूला सारलं आणि कॅसेट स्वतः मागं घेतली. पुन्हा ऐकली. पुन्हा घेतली. प्रत्येक वेळी स्टुलावर जाऊन बसायची. चौथ्या वेळेनंतर तिनं हळूच म्हणून पाहिलं, "अहो."

मी माइकची वायर गुंडाळत होतो. वळून दाराकडे पाहिलं. पाहायचं ठरवलं नव्हतं.

"जमलं?" तिनं विचारलं.

मी एक बोट वर केलं. चहाची खूण होती ती, पण दुसरी कुठली सुचली नाही. ती उठून चहा ठेवायला गेली.

४ एप्रिल

गाडी अकराला आली. बाई स्वतः आल्या होत्या, हमालांवर डोळ्यांत तेल घालून नजर. पाचशे बावन्न कॅसेटी गेल्या. भाग १९ ची रेडिओवाल्यानं सकाळीच नक्कल करून दिली, ती नक्कल संग्रहालयाला दिली. मूळ कॅसेट मुलीकडे.

बाईंनी बरोबर आणलेल्या संमतीच्या कागदावर एकोणिसाव्या ओळीतलं 'आहे' खोडून 'नाही' केलं. बाई म्हणाल्या, "श्शसुद्धा राहू द्यायचा?" म्हटलं, राहू द्या.

फळ्या रिकाम्या झाल्या. खोली मोठी वाटते आणि बोललं की आवाज घुमतो. बरेच दिवस बधिर असलेलं काहीतरी आता ठणकतंय, पण ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

तक्त्याची शेवटची ओळ त्यांच्यासमोरच पूर्ण केली. भाग १९. ११ नोव्हेंबर. तेवीस मिनिटं. प्रत बरी. दोषाच्या रकान्यात काल जुन्या वहीतली नोंद उतरवली होती, 'मि. १४ ला ही बोलली.' त्यातले शेवटचे दोन शब्द खोडले आणि वर दोन घातले: 'मि. १४ ला मी बोललो.' दोन बोटांत मावलं.